खाण तशी माती : इतिहासाचार्य राजवाडे आणि शब्दांची वंशावळ

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या चाळीसमोरून घोडबंदर रोड जातो. माजिवड्यापासून निघालेला हा रस्ता मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे अशी गावे मागे टाकीत गायमुखाच्या खाडीकडे आणि पुढे घोडबंदरच्या किल्ल्याकडे धावतो. आज त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या आहेत आणि मध्ये मेट्रोचे खांब आहेत. रोज बसच्या पाटीवर हे नाव वाचताना त्यात काही वाचण्यासारखे आहे असे मला कधी वाटले नव्हते. मग एके दिवशी मराठीच्या तासाला सरांनी या नावाची फोड करून दाखविली. 'घोडा' हा संस्कृत 'घोटक' शब्दापासून प्राकृतातून झिजत आला. 'बंदर' फारसीतून आले. 'रोड' इंग्रजांनी आणला. तीन राजवटी आणि तीन भाषा एका पाटीवर गुण्यागोविंदाने नांदत आहेत! परदेशातून आलेले घोडे या बंदरात उतरत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. म्हणजे रस्ता डांबराचा असला तरी त्याचे नाव हा एक ऐतिहासिक कागदच आहे.

शब्द हाही कागदाइतकाच अस्सल पुरावा आहे, हे महाराष्ट्राला ज्यांनी आवर्जून शिकविले ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. शाळेच्या पुस्तकात मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे गोळा करणारे म्हणून त्यांच्याविषयी दोन ओळी असतात. परंतु राजवाड्यांनी शब्दांची जी वंशावळ शोधली तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ती वंशावळ माझ्यासारख्या मुलीच्या किती जवळची आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली झाला. घराणे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, वरसईचे. वडील लहानपणीच वारले. बालपण पुण्यात आणि पुण्याजवळच्या वडगावात गेले. घरची श्रीमंती नव्हती, परंतु विद्येची परंपरा होती. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे पुढे निरुक्ताचे अभ्यासक आणि प्राध्यापक म्हणून नावारूपाला आले. विश्वनाथरावांनी मात्र परीक्षेच्या घोड्यावर मांड ठोकली नाही. डेक्कन कॉलेजात असताना नेमलेली पुस्तके बाजूला ठेवून ग्रंथालयातील इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र असे मनाला येईल ते वाचायचे, व्यायामाने शरीर कमवायचे, आणि परीक्षेला सवडीने बसायचे, असा त्यांचा खाक्या होता. त्यामुळे बी. ए. व्हायला त्यांना वयाची पंचविशी ओलांडावी लागली. आपल्या शाळा-कॉलेजांतील अनुभवांवर पुढे त्यांनी एक सविस्तर लेख लिहिला आणि त्या शिक्षणाचा खरपूस समाचार घेतला. आपल्यापैकी ज्यांना के. टी. लागली आहे त्यांनी यातून सोयीचा तेवढाच अर्थ काढू नये! राजवाडे परीक्षेत मागे राहिले ते वाचन कमी पडले म्हणून नव्हे, जास्त झाले म्हणून.

पदवीनंतर काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. तिच्यात मन रमले नाही. याच सुमारास, तिशीच्या आतबाहेर असताना, त्यांची पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. नोकरी सोडली आणि पुढचे सारे आयुष्य संशोधनाच्या हवाली केले. प्रथम त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले. जगातील उत्तमोत्तम ग्रंथ मराठीत आणावेत हा त्याचा हेतू. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाचे भाषांतर त्यांनी त्यातच केले. ते मासिक फार काळ चालले नाही. पण आपण जे लिहू ते मराठीतच, हा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत पाळला. इंग्रजीत लिहिले असते तर युरोपातील पंडितांत नाव झाले असते. ते त्यांना समजत नव्हते असे नाही. परंतु ज्या लोकांचा इतिहास, त्या लोकांच्या भाषेतच तो लिहिला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

१८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पानिपतच्या आधीच्या दशकातील पत्रव्यवहार त्यात होता. पुढे या मालेचे २२ खंड निघाले. या खंडांसाठी राजवाड्यांनी केलेली पायपीट विलक्षण आहे. जुन्या सरदारांच्या, देशमुख-देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या वाड्यांतील माळ्यांवर मोडी कागदांची दप्तरे पडलेली असत. काहींना वाळवी लागलेली, काही रद्दीत निघालेली. राजवाडे गावोगाव हिंडत, मालकांची मनधरणी करीत, प्रसंगी भांडत. कुठे दार उघडे, कुठे तोंडावर बंद होई. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करावा, मिळेल त्या देवळात वा धर्मशाळेत मुक्काम ठोकावा, आणि हाती आलेला कागद नकलून घ्यावा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. सरकारी पगार नाही, विद्यापीठाची शिष्यवृत्ती नाही. १९१० सालच्या ७ जुलैला सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही या धडपडीतूनच.

हे झाले इतिहासकार राजवाडे. परंतु जुने कागद वाचता वाचता त्यांचे लक्ष कागदातील मजकुराइतकेच त्याच्या भाषेकडे गेले. शिवाजी महाराजांच्या आधीचे पत्र, महाराजांच्या काळातील पत्र आणि पेशवाईतील पत्र अशी वेगवेगळ्या काळांतील पत्रे शेजारी ठेवून त्यांनी त्यांतील फारसी शब्द चक्क मोजले. राज्य बदलले तसा फारसीचा भरणा कसा ओसरत गेला, हे त्यांनी त्या मोजणीतून दाखविले. भाषा ही हवेत तरंगणारी वस्तू नसून तिच्यावर राजकारणाचे, व्यापाराचे, लोकांच्या सुखदुःखाचे ठसे उमटतात, हे दाखविण्याची ही रीत त्या काळी अगदी नवी होती.

भाषेच्या या ओढीनेच ते ज्ञानेश्वरीकडे वळले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली. तिच्या नकला होत होत पाठ बिघडले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. आपल्या घरोघरी असलेली ज्ञानेश्वरी बहुधा या एकनाथी परंपरेतली. राजवाड्यांना हवी होती एकनाथांच्याही आधीची प्रत. कारण नकलणारा माणूस नकळत जुना शब्द खोडून आपल्या काळचा शब्द घालतो. मूळचा शब्द सापडला नाही तर भाषेचे वय कसे कळणार? मराठवाड्यातील पाटांगण येथे त्यांना एक जुनी पोथी मिळाली. तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आवृत्ती प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही प्रसिद्ध केले. ज्ञानेश्वरीतील नामांची, सर्वनामांची, क्रियापदांची रूपे घ्यायची आणि त्यांचा धागा मागे मागे अपभ्रंश, प्राकृत, संस्कृत असा जोडीत न्यायचा, अशी ही पद्धत. पुढे १९६० साली महाराष्ट्र शासनाने ज्ञानेश्वरी छापली तेव्हा राजवाड्यांचीच संहिता आधाराला घेतली.

या पद्धतीची गोडी कळावी म्हणून एकच कुटुंब घेऊ. सारखेपणा दाखविणाऱ्या शब्दांचे कुटुंब. माणसाला नवी वस्तू समजावून सांगायची तर जुन्या वस्तूसारखी आहे असे सांगावे लागते. ज्ञानेश्वरांचे तर सारे समजावणे याच वाटेने चालते. एक दृष्टान्त झाला की 'कां' म्हणून दुसरा, 'ना तरी' म्हणून तिसरा. आणि या साऱ्या दृष्टान्तांची बिजागरी कोणती? 'जैसे' आणि 'तैसे'. आपण आज 'जसे', 'तसे' म्हणतो. हे शब्द आले कोठून?

संस्कृतात यादृश, तादृश, कीदृश, ईदृश असे चार शब्द आहेत. बाराव्या शतकात गुजरातेतील जैन पंडित हेमचंद्राने अपभ्रंश भाषेचे व्याकरण लिहिले. त्यात या चार शब्दांची जइस, तइस, कइस, अइस अशी रूपे दिली आहेत. ज्ञानेश्वरीत तेच शब्द जैसा, तैसा, कैसा, ऐसा होऊन येतात. आणि आपल्या तोंडी ते जसा, तसा, कसा, असा होतात. मधली एकही पायरी निखळलेली नाही. 'सारखा' हाही याच घरातला. संस्कृत 'सदृक्ष', प्राकृत 'सरिक्ख', जुन्या मराठीत 'सारिखा', आज 'सारखा'. त्याचा सख्खा भाऊ 'सदृश' हा प्राकृतात 'सरिस' आणि जुन्या मराठीत 'सरिसा' झाला.

आता या सर्व शब्दांत समान काय आहे ते पाहा. दृश्! दृश् म्हणजे पाहणे. यादृश म्हणजे जो जसा दिसतो तो, तादृश म्हणजे तो जसा दिसतो तसा. दिवसातून शेकडो वेळा आपण कसा, तसा, असा म्हणतो तेव्हा प्रत्येक शब्दात एक झिजलेला डोळा लपलेला असतो. मराठी माणसाचा सारखेपणा मुळात डोळ्यांनी पाहिलेला आहे.

योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्या इंग्रजीच्या तासाला चॉसरचा काळ चालू होता, आणि 'लाइक' या शब्दाचा इतिहास आमच्यापुढे आला. जुन्या इंग्रजीत 'लिच' म्हणजे देह. इंग्लंडमधील चर्चच्या आवारात शिरताना जे छपराचे दार असते त्याला आजही 'लिचगेट' म्हणतात, कारण पूर्वी प्रेत तेथे क्षणभर टेकवीत. या 'लिच'वरून 'गेलिच' झाला, म्हणजे समान देहाचा. मध्ययुगात पुढचा 'गे' झिजला, उत्तरेकडील बोलीतला 'क'कार टिकला आणि 'लाइक' शब्द तयार झाला. 'सच' म्हणजे मुळात 'स्वा-लिच', तशा देहाचा. 'विच' म्हणजे कशा देहाचा. 'फ्रेंडली'तील शेपटी 'ली' ही देखील तोच झिजलेला देह. 'अॅज' आणि 'ऑल्सो' हे तर एकाच 'इआल-स्वा'चे दोन तुकडे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, दरबारात फ्रेंच बसली, आणि त्या वाटेने 'रिझेंबल' यासारखे शब्द आले. तरी शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या तोंडचा 'लाइक' हटला नाही. १४०० साली चॉसर वारला तेव्हा तो भाषेत पक्का रुजला होता.

आपल्याकडेही असेच घडले नाही काय? बहमनी आणि पुढच्या राजवटींत फारसी दरबारात बसली. तिच्याबरोबर 'बरोबर', 'माफक', 'हुबेहूब' हे शब्द मराठीत आले. बरोबरी, बेताचे माप आणि तंतोतंत साम्य यांसाठी आपण ते आजही वापरतो. तरी 'सारखा' आणि 'जसा-तसा' यांना कोणी उठवू शकले नाही. इकडे डोळा, तिकडे देह; इकडे फारसी, तिकडे फ्रेंच. दोन भाषा हजारो कोसांवर, पण दोघींची कहाणी सारखीच. ज्ञानेश्वरी चॉसरच्या आधी सुमारे शंभर वर्षे झाली, हे लक्षात घेतले म्हणजे मराठीच्या वयाविषयी कोणी कमीपणा मानण्याचे कारण उरत नाही.

येथे मला थोडे स्वतःविषयी लिहावे लागेल. वाचकांनी क्षमा करावी.

माझे वडील गवंडी आहेत. घोडबंदर रोडवरच्या कितीतरी इमारतींच्या भिंती त्यांच्या थापीने आणि ओळंब्याने उभ्या राहिल्या. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे. घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिली. घरात आजी आहे. आजी 'सारखा' म्हणत नाही. ती 'गत' म्हणते, 'वानी' म्हणते. पोरगी आक्षी बापागत दिसते, पाऊस दुधावानी पडतो, असे तिचे बोलणे. तेच माझ्या तोंडी बसलेले. शाळेत असताना एकदा फळ्यासमोर उत्तर देताना 'वानी' निघून गेले आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून मी तो शब्द गिळला. पुढे माझ्या मैत्रिणी घरी आल्या की आजीने फार बोलू नये असे मला वाटू लागले. एकदा मी तिचे वाक्य सर्वांसमोर सुधारले. आजी काही बोलली नाही. उठून मोरीत भांडी घासायला गेली. त्यानंतर कोणी आले की ती आपणहून गप्प बसू लागली. माझ्या शिक्षणाचे हे पहिले फळ!

राजवाड्यांचे चरित्र वाचताना माझ्या मनाला हीच गोष्ट टोचली. हा माणूस ज्या शब्दांसाठी रानोमाळ हिंडला ते शब्द फक्त पोथीत नव्हते. त्यांनी मराठी धातूंचा कोश केला तेव्हा खेड्यातील माणसाच्या तोंडचे रांगडे धातूही त्यात घेतले. ते धातू ग्रांथिक नाहीत म्हणून त्यांनी टाकून दिले नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न शुद्ध की अशुद्ध हा नव्हता; शब्द कोठून आला हा होता. हसणारा माणूस जेथे थांबतो तेथे संशोधक सुरू होतो.

आणि आपण ठाण्याच्या परिसरातील विद्यार्थ्यांनी तर राजवाड्यांचे एक खास ऋण मानले पाहिजे. १९२४ साली त्यांनी 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे माहीम. उत्तर कोकण, साष्टी, ठाणे या आपल्या मुलखाची ही बखर. तिचा गद्यात असलेला जुना भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली रचलेला आहे. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्याच्या कितीतरी आधीचे मराठी त्यात जपले गेले आहे. राजवाड्यांनी तिला लांबलचक प्रस्तावना जोडली आणि या मुलखात कोण कोण लोक येऊन वसले, कोळी, कातकरी, वारली यांचे स्थान काय, राज्ये आली नि गेली तरी खेड्यातला माणूस त्यांविषयी उदासीन का राहिला, याचा ऊहापोह केला. खाडीकाठच्या ज्या गावांना आज आपण बसथांबे म्हणून ओळखतो त्या मुलखाकडे इतिहासाच्या नजरेने पाहण्याची सवय या प्रस्तावनेने लावली. आपल्या ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. इच्छा असणाऱ्या विद्यार्थ्याला जुन्या पुस्तकांसाठी फार लांब जावे लागत नाही.

राजवाड्यांचे गुणगान करताना त्यांचे दोष झाकणे हे त्यांनाच रुचले नसते. स्वभाव तापट. मतभेद झाला की तडजोड नाही. ज्या मंडळाची स्थापना केली त्याच्याशीही त्यांचे पटेनासे झाले आणि अखेरच्या काळात ते धुळ्याला राहिले. जातीचा अभिमान त्यांच्या लेखनात अनेक ठिकाणी डोकावतो आणि त्यामुळे काही निष्कर्ष एकांगी झाले आहेत. शब्दांच्या बाबतीतही त्यांची कल्पना पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावली. ध्वनी जुळला की थेट वैदिक भाषेपर्यंत उडी मारायची, हा मोह त्यांना आवरत नसे. त्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी सोडून दिल्या. १९२० साली फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा ग्रंथ आला. ध्वनिबदलाचे नियम काटेकोरपणे कसे लावावेत याचा धडा त्यात मिळतो. राजवाड्यांकडून जिद्द घ्यावी आणि ब्लॉक यांच्याकडून शिस्त घ्यावी, असे आमचे सर म्हणतात, ते मला पटते.

या दोषांतूनही शिकण्यासारखे आहे. आजीचा 'गत' ऐकून मला चटकन 'गती' आठवते, 'वानी' ऐकून 'वर्ण' आठवतो. परंतु 'जसा' शब्दाच्या मागे 'जैसा', 'जइस', 'यादृश' अशा पायऱ्या दाखविता येतात, तशा पायऱ्या हाती येईपर्यंत उडी मारायची नाही. साम्य दिसले म्हणजे नाते सिद्ध झाले असे नाही. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. दिसणे आणि असणे यांत अंतर आहे, हे सारखेपणाच्या शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने तरी विसरू नये!

राजवाड्यांचे शेवटचे दिवसही कामातच गेले. धातूंचे, नामांचे कोश, विवाहसंस्थेच्या इतिहासाची टिपणे, असे अनेक उद्योग एकाच वेळी चालू होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. मागे घर नाही, पैसा नाही, मूलबाळ नाही. राहिली ती कागदांची गाठोडी. धुळ्यातील भास्कर वामन भट आदी चाहत्यांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारले आणि ती गाठोडी सांभाळली. धातुकोश आणि नामांचा व्युत्पत्तिकोश हे ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाळवीच्या तोंडून काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे कागद वाचले, ही समाधानाची गोष्ट म्हटली पाहिजे.

आपल्याकडे खाण तशी माती अशी म्हण आहे. बहुतेक वेळा ती हिणवण्यासाठी वापरतात. गवंड्याची मुलगी, खेडवळ आजीची नात. बोलणार तरी कशी? परंतु आता ती म्हण ऐकली की मला तिच्यातील 'तशी' हा शब्द दिसतो. तशी, तैसी, तइसी, तादृशी. हिणवणाऱ्याच्या तोंडी असलेला तो एवढासा शब्द हजारो वर्षे चालत आला आहे, आणि तो काही पंडितांच्या खांद्यावर बसून आला नाही. नांगर धरणाऱ्या, जाते ओढणाऱ्या, भिंती बांधणाऱ्या माणसांनी तो तोंडातोंडी पोचविला, वाटेत झिजविला आणि आपल्या हातात ठेवला. खाण तशी माती असेल तर माझी तक्रार नाही. खाण चांगली खोल आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक शंभरपानी वही घेतली आणि आजीजवळ बसले. तिचे शब्द मला लिहून घ्यायचे आहेत असे सांगितल्यावर तिला प्रथम ती थट्टाच वाटली. दोन दिवस तिने दाद दिली नाही. मी तिच्याशी जे वागले होते ते पाहता यात तिची चूक नव्हती. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना तिने आपणहून सुरुवात केली. गत, वानी, सारकं, परमानं, जनू, आक्षी. वडिलांनीही कामावरून आल्यावर आपल्या धंद्यातले ओळंबा, गुण्या, पाणसळ असे शब्द सांगितले. वहीची एकवीस पाने भरली आहेत. व्युत्पत्तीचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. तो घाईने भरणार नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या कॉलेजात ठाण्या-कल्याणचे आगरी आहेत, खाडीकाठचे कोळी आहेत, शहापूर-मुरबाडकडचे आहेत, मालवणी आहेत, खानदेशी आहेत, मराठवाड्यातून आलेले आहेत. प्रत्येकाच्या घरी अमुक एक वस्तू तमुक वस्तूसारखी आहे हे सांगण्याची वेगळी रीत असेल. राजवाड्यांना ज्यासाठी शेकडो मैल चालावे लागले ते आपल्याला कँटीनमध्ये एका टेबलाभोवती मिळण्यासारखे आहे. प्रत्येकाने आपल्या घरचे दहा शब्द लिहून आणले तरी पुढच्या वर्षीच्या अंकाला एक चांगला लेख होईल. मराठी विभागाने यात पुढाकार घ्यावा अशी माझी नम्र विनंती आहे.

परवा माझ्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या. आजी नेहमीप्रमाणे आत जाऊ लागली. मी तिला हाताला धरून बसविले. चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना त्यांतली एक दारात थांबली आणि आजीकडे वळून तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. आजीने तो सांगितला. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी वही काढली.